मोटारीशिवाय दुबई: चौदा महिन्यांचा अनुभव

संयुक्त अरब अमिरातीत बदली झाल्याचे कळले तेव्हा आधीपासून तिथे राहणाऱ्या बहुतेक ओळखीच्या माणसांनी मला पहिला सल्ला दिला तो वाहन चालवण्याचा परवाना काढून गाडी घेण्याचा. मी तो मानला नाही. बर दुबईत घर, जेबेल अलीच्या बाजूला नोकरी आणि हातात एक नोल कार्ड (दुबईतल्या सार्वजनिक वाहनांचे भाडे भरण्याचे कार्ड), एवढ्यावर मी फेब्रुवारी 2024 पासून चौदा महिने काढले, आणि गाडी न घेता तिथे जाऊ पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

माझ्या प्रवासाचा कणा मेट्रो होता. रेड लाईन 9 सप्टेंबर 2009 रोजी सुरू झाली आणि ग्रीन लाईन बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेला. गाड्यांना चालक नसतो. भाडे विभागांनुसार ठरते. साध्या डब्यासाठी एका विभागात 3 दिरहम, दोन विभागांत 5 आणि त्यापुढे कितीही लांब गेलात तरी साडेसात. मी ग्रीन लाईनवरच्या शरफ डीजी (पूर्वीचे अल फहिदी) स्थानकावर बसून पुढच्याच बुर्जुमान स्थानकावर रेड लाईन धरत असे, म्हणजे रोजचे जाण्यायेण्याचे 15 दिरहम होत. सर्व विभागांचा तीस दिवसांचा पास 350 दिरहमना मिळतो. महिन्याला बावीस दिवस कामावर जाणाऱ्याचा खर्च 330 होतो, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही फिरणार असाल तरच पास घ्यावा, असे हिशेब मांडून मी ठरवले. बस आणि मेट्रो यांच्यातला बदल अर्ध्या तासात केला तर दोन्ही मिळून एकच प्रवास धरला जातो, मात्र उतरताना कार्ड टेकवायला विसरू नये.

स्त्रिया आणि मुलांसाठी राखीव असलेल्या डब्याबद्दल मला मनापासून चांगले लिहायचे आहे. सकाळी सात ते साडेआठ या वेळात तोही खचाखच भरतो आणि बसायला जागा मिळण्याची आशा धरू नये, परंतु रात्री उशिरा एकटीने परतताना मला एकदाही धास्ती वाटली नाही. मुंबईच्या लोकलमध्ये दहा वर्षे काढलेल्या बाईला ही गोष्ट किती मोठी वाटते, हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको.

खरी कसोटी स्थानकाबाहेर पडल्यावर लागते, आणि माझ्या मते या देशातली प्रवासव्यवस्था तिथेच जोखायला हवी. शेख झायेद रस्त्यावरची स्थानके त्या अवाढव्य महामार्गाच्या कडेला उभी आहेत. पलीकडे जायला वातानुकूलित पादचारी पूल आहेत, त्यांत सरकते पट्टे आहेत, पण पुलाचा जिना उतरलात की वाळवंट सुरू होते. माझे कार्यालय स्थानकापासून जेमतेम नऊशे मीटरवर होते. जानेवारीत ही चाल सुखाची वाटे; जुलैत, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असताना आणि वाटेत एकही सावली नसताना, तेवढ्याच अंतराने अंगातले त्राण जाई. 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात उघड्यावरच्या कामगारांना दुपारी साडेबारा ते तीन काम करायला कायद्याने बंदी आहे, यावरून त्या उन्हाची कल्पना यावी. स्थानकांना जोडणाऱ्या, एफ या अक्षराने सुरू होणाऱ्या क्रमांकांच्या बस उत्तम आहेत, आणि अनेक बसथांबे चक्क बंदिस्त व वातानुकूलित आहेत, तरीही भर दुपारी वीस मिनिटे थांबावे लागले तर दिवस मोडतो. म्हणून घर किंवा कार्यालय निवडताना स्थानकाचे नाव पाहून समाधान मानू नका. दारापासून स्थानकापर्यंतचा रस्ता एकदा स्वतः चालून पाहा, आणि शक्यतो उन्हाळ्यातच पाहा. सोबत छत्री असावी, पाणीही असावे, परंतु ते फलाटावर जाण्यापूर्वी प्यावे, कारण मेट्रोत खाण्यापिण्यावर 100 दिरहमचा दंड आहे.

ऊन अपेक्षित होते, पाऊस नव्हता. 16 एप्रिल 2024 रोजी देशात 1949 पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा पाऊस झाला; अल ऐनजवळ एका ठिकाणी दिवसभरात 250 मिलिमीटरहून अधिक पाणी पडले. रेड लाईनवरची काही स्थानके त्यानंतर मे महिन्याच्या उत्तरार्धापर्यंत बंद राहिली. त्या दिवसांत पर्यायी बस ठेवल्या होत्या. माझा प्रवास तासाभराने लांबला, पण नोकरीवर जाणे थांबले नाही.

पाण्यावरचा प्रवास हा माझा सर्वांत आवडता भाग. क्रीक, म्हणजे दुबईची खाडी, ओलांडण्यासाठी आब्रा नावाच्या लाकडी होड्या चालतात आणि पलीकडे देराला जायला 1 दिरहम रोख, थेट नावाड्याच्या हातात द्यावा लागतो. आई साताऱ्याहून आली तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचची तिला आठवण झाली, आणि पुढचे तीन आठवडे संध्याकाळी मसाल्यांच्या बाजारात जायचे तर होडीनेच, असा तिचा आग्रह राहिला. शारजाला जाणारी फेरीबोटही मी बऱ्याचदा वापरली. अल घुबैबाहून 15 दिरहममध्ये ती सुमारे 35 मिनिटांत पोहोचवते. कामाच्या दिवशी संध्याकाळी शारजाच्या रस्त्यावर ज्याने वाहनांची रांग पाहिली आहे, त्याला या 35 मिनिटांचे मोल कळेल.

माझ्या मुक्कामात अबुधाबीला बसनेच जावे लागे. इब्न बतूता स्थानकाहून ई 101 आणि अल घुबैबाहून ई 100 सुटतात, भाडे 25 दिरहम आहे. उभ्याने प्रवास करता येत नाही, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी रांगेत तास गेला तर नवल नाही. तिथल्या शहरी बससाठी हाफिलात हे निराळे कार्ड लागते, आणि परतीसाठी नोल कार्डात पुरेशी शिल्लक असल्याची खात्री निघतानाच करावी. हिवाळ्यात पहाटेच्या दाट धुक्यात महामार्गावरची वेगमर्यादा ताशी 80 किलोमीटरवर येते; अशा दिवशी कोणालाही नेमकी वेळ देऊ नये. एतिहाद रेल्वेचे सुमारे 900 किलोमीटरचे जाळे 2023 पासून मालगाड्यांसाठी खुले झाले आहे, आणि त्यावरून प्रवासी गाडीने दुबई-अबुधाबी अंतर 57 मिनिटांत कापता येईल, असे जाहीर झाले आहे. मी तिची आतुरतेने वाट पाहत होते. माझ्या मुक्कामात ती आली नाही.

देशांतर्गत विमानाची मला कधी गरज भासली नाही, कारण अमिराती एकमेकींपासून काही तासांच्या अंतरावर आहेत. भारतातून येणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट तिकीट काढतानाच पाहावी. मेट्रो टर्मिनल 1 आणि 3 मध्ये थेट जाते, टर्मिनल 2 ला जात नाही. शिवाय मध्यरात्रीनंतर मेट्रो बंद होते, आणि रविवारी सकाळी आठला सुरू होते. आई पहाटे टर्मिनल 2 वर उतरली, तेव्हा मी टॅक्सी घेऊन गेले होते. विमानतळावरून टॅक्सीचे मीटर 25 दिरहमपासून सुरू होते.