अभ्यासाला बसताना जिम बॉल की हवेची गादी?

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाच्या बसण्याचा विषय निघाला की ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, ही दोन नावं हमखास घेतात. बॉल सगळ्यांना माहीत आहे. गादी म्हणजे ती गोल, रबरी, एका बाजूने बारीक काटे असलेली चकती. दोन्ही मुद्दाम डळमळतात, म्हणजे मुलाला बसल्या बसल्या तोल सावरत राहावा लागतो. स्वमग्न मुलांपैकी काही जण तोल सांभाळायला डोळ्यांवर जास्त विसंबतात, म्हणून नजर वहीत गेली की बहुधा पाठ ढासळते: हनुवटी तळहातावर, पाय खुर्चीच्या पायांना गुंडाळलेले. प्रश्न असा, की या मुलाला डळमळ किती द्यायची.

बॉलची बाजू आधी. ज्या मुलाला सतत उसळायला हवं असतं, त्याला बॉल लगेच आवडतो. 2004 मध्ये अमेरिकेत बालवर्गातल्या चार स्वमग्न मुलग्यांवर एक छोटा अभ्यास झाला. बॉलवर ते जागेवर जास्त टिकले आणि कामातही रमले. 2011 मध्ये गादीचा असाच प्रयोग दोन मुलांवर झाला आणि फारसा फरक दिसला नाही. म्हणजे कागदावर बॉल पुढे. पण मुलं मोजकीच, आणि मोजलं होतं ते जागेवर बसणं आणि लक्ष. पाठ किती सरळ राहिली, हात कुठे होते, हे नव्हे.

माझा कल गादीकडे झुकतो तो या हातांमुळेच. बॉलवर बसलेलं मूल लिहायला लागलं की त्याचा डावा हात बघा. (डावखुऱ्याचा उजवा.) तो वहीवर असायला हवा, पण असतो टेबलाच्या कडेवर, घट्ट. वहीला कुणी धरत नाही, ती पेन्सिलीबरोबर सरकते, ओळ तिरकी जाते, मूल वैतागतं आणि आपल्याला वाटतं अक्षराचाच प्रश्न आहे. बॉल सगळ्या बाजूंना घरंगळतो, त्यामुळे आधार शोधणं मुलाला भागच असतं. बॉलखाली रिंग ठेवली तर घरंगळणं थांबतं, पण मग उरतं नुसतं उसळणं. शिवाय मूल उठलं की बॉल पलंगाखाली आणि मूल त्याच्यामागे, ते वेगळंच. गादी खुर्चीवरच असते, झुकते जेमतेम दोन-तीन बोटं. तेवढं कंबर सावरून घेते आणि हात मोकळे राहतात. निदान बऱ्याच मुलांचे तरी.

गादीचीही गोम आहे, आणि ती हवेत आहे. टम्म भरली तर घुमटासारखी होते आणि मूल पुढे घसरतं. कमी भरली तर नुसतं रबरावर बसल्यासारखं. मूल बसल्यावर वरचा आणि खालचा थर एकमेकांना टेकू नयेत, इतपतच हवा. उन्हात राहिली तर ती फुगते, म्हणून बसवण्यापूर्वी दाबून पाहावं. दुसरी चूक पायांची: गादीमुळे बैठक चार-पाच सेंटिमीटर उंच होते आणि पाय लोंबकळतात. लोंबकळत्या पायांनी कोणाचीच पाठ सरळ राहत नाही. पायांखाली लाकडी पाट ठेवला की काम भागतं. गुडघे साधारण काटकोनात यायला हवेत. काटे टोचतात म्हणून मूल उठत असेल, तर गुळगुळीत बाजू वर करावी.

आपल्याकडे बरीच मुलं खाली बसून, पुढ्यात चौरंग घेऊन लिहितात. तिथे बॉलचा काही उपयोगच नाही. गादी मात्र मांडी घालून बसलेल्या मुलाच्या खाली चालते. नितंब जरा उचलले गेले की कंबर पुढे झुकते आणि पोक कमी होतं. पाय मागे बाहेर फाकून बेडकासारखं बसणारं मूलही अशा वेळी मांडी घालायला सहसा कमी कुरकुर करतं.

सुरुवात पाच मिनिटांची, पुढे पंधरा-वीस, दिवसभर नको. मूल मागे रेलायला लागलं, की थकलंय असं समजून गादी काढावी. उभ्याचा सरावही तिच्यावरच होतो: अनवाणी, भिंतीपासून वीतभर पुढे, समोर डोळ्यांच्या उंचीवर एक स्टिकर, दहापर्यंत आकडे. चवड्यांवर चालणाऱ्या मुलाच्या टाचा टेकल्यात का, तेवढं बघावं. डोळे मिटवायचे ते हे जमल्यावर, आणि मोठं माणूस शेजारी असतानाच.

बॉल आधीच घरात असेल तर त्याचं खरं काम पोटावर आहे. मुलाला त्यावर पालथं घालावं, मांड्या आपण धराव्यात आणि त्याने हातांवर तीन-चार पावलं पुढे जावं. मान आणि पाठ यात जेवढी कामाला लागते, तेवढी बॉलवर बसून क्वचितच. बॉल बसायलाच घ्यायचा असेल, तर बसल्यावर तळवे पूर्ण टेकतील असा; लहान मुलांना 45 सेंटिमीटरचाही बऱ्याचदा मोठा पडतो. मुलाला फिट येत असतील तर उसळण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि गादीचं ते इवलंसं बूच घट्ट आहे ना, हे रोज बघावं. निघालं की ते थेट तोंडात जातं.