भाडेकरूसकट घेतलेलं मात्सुदोचं घर: १५ महिन्यांनंतर

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी जपानच्या चिबा प्रांतात, मात्सुदोला एक खोली घेतली. २० चौरस मीटर, १९९० ची इमारत, तिसरा मजला, आत २०११ पासून राहणारा भाडेकरू. किंमत ६८ लाख येन, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण साडेसदतीस लाख रुपये. एवढ्यात कोथरूडला काय येतं ते विचारू नका.

मी काही वर्षं तोक्योत नोकरी केली, निशी-कासाईला राहिलो, कामापुरती जपानी येते. तिथे जमीन-घर घ्यायला परदेशी माणसाला आडकाठी नाही, व्हिसाही लागत नाही. मात्सुदोहून जोबान लाइनच्या जलद गाडीने तोक्योतलं उएनो वीसेक मिनिटांवर. इमारत १९८१ नंतरची, म्हणजे भूकंपाच्या नव्या नियमांतली. इथवर माझा अभ्यास चोख होता.

अशा सौद्याला तिकडे 'ओनर चेंज' म्हणतात. मालक बदलतो, भाडेकरू जागचा हलत नाही. त्यामुळे घर आतून बघायला मिळत नाही. मी २०११ चे फोटो आणि एक नकाशा बघून पैसे भरले. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "अरे, साडीसुद्धा घडी मोडून बघतात."

कागदपत्रांचं सांगायचं तर, दलालाचं कमिशन ३ लाख ३० हजार येन. जुलै २०२४ पासून ८० लाख येनपर्यंतच्या घरांना एवढं घ्यायची मुभा आहे आणि त्याने ती पुरेपूर वापरली. पुण्यात नोटरीसमोर पत्त्याचं प्रतिज्ञापत्र करून पाठवलं, नोंदणी तिकडच्या शिहो-शोशीने, म्हणजे अशी नोंदणीची कामं करणाऱ्या कायदेविषयक व्यावसायिकाने केली. खरेदीनंतर २० दिवसांत बँक ऑफ जपानमार्फत अर्थमंत्र्यांना कळवायचं असतं, तेही त्यानेच उरकलं. माझ्या आडनावातला ळ जपानी कागदावर र झाला. असो.

पैसे मात्र इकडून पाठवताना घाम फुटला. एलआरएसची (परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची) वर्षाची अडीच लाख डॉलरची मर्यादा आपल्याला पुरून उरते, पण बँकेने टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापला. तेव्हा ७ लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के होता (एप्रिल २०२५ पासून ही सीमा १० लाख झाली). सुमारे ४० लाख पाठवताना साडेसहा लाखांहून जास्त रक्कम वेगळी बाजूला ठेवावी लागली. हा खर्च नव्हे, विवरणपत्र भरल्यावर वळता होतो. पण माझे पैसे डिसेंबर २०२५ मध्ये परत आले. वर्षभर पैसे अडकले ते अडकलेच.

आता मुख्य मुद्दा, परताव्याचा. जाहिरातीत 'साडेआठ टक्के' लिहिलं होतं. भाडं महिना ४८ हजार येन, गुणिले १२, भागिले किंमत, झाले साडेआठ. यातून इमारतीचा देखभाल खर्च ७,४००, दुरुस्ती निधी ४,३०० आणि भाडं वसूल करणाऱ्या कंपनीचे २,६४० जातात. वर्षाला मालमत्ता कर साधारण ३८ हजार. मी तिथे राहत नसल्याने करप्रतिनिधी नेमावा लागतो, त्याचे ५५ हजार. शिवाय मे महिन्यात, सगळं आटोपलं असं वाटत असताना, प्रांताकडून मालमत्ता संपादन कराचं पत्र आलं, ९० हजारांचं. हा कर असतो हे मला माहीत होतं, इतक्या उशिरा येतो हे नव्हतं.

त्याच महिन्यात इमारतीच्या मालकसंघाची वार्षिक सभा झाली. अशा एकखोली इमारतींत मालक गावोगाव विखुरलेले, सभेला कोणी जात नाही, सगळे मुखत्यारपत्र पाठवतात. मीही पाठवलं, विषयपत्रिका न वाचता. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून तीन तास भांडणारा मी! चौथ्या विषयात दुरुस्ती निधी ४,३०० वरून ८,६०० करायचा ठराव होता. झाला मंजूर. बारा-पंधरा वर्षांनी बाहेरून परांच्या बांधून मोठी दुरुस्ती करतात, तिला निधी कमी पडत होता. ही तूट खरेदीआधीच्या चौकशी अहवालात स्पष्ट छापलेली होती. मी भाड्याचा आकडा बघत बसलो आणि ते पान उलटलं. हे सगळं धरून वर्षाला हातात २ लाख ५९ हजार येन राहतात. घर घ्यायला एकूण खर्च झाला साधारण ७४ लाख येन, म्हणजे परतावा साधारण साडेतीन टक्के. जानेवारीत पाणी तापवायचं यंत्र बंद पडलं, ऐन थंडीत. ते बदलणं मालकाकडे, १ लाख २८ हजार. यंदाचा परतावा दोन टक्केही भरणार नाही. कंपनीने मात्र दोन दिवसांत नवीन बसवलं, त्याबद्दल तक्रार नाही. उशीर झाला असता तर भाडंही कमी घ्यावं लागलं असतं, २०२० पासून तिकडचा कायदा तसा आहे.

कराची गंमत वेगळीच. जपानमध्ये घसारा, म्हणजे इमारत जुनी होत जाते त्याची दरवर्षीची वजावट, मिळतो. काँक्रीटच्या इमारतीचं आयुष्य ४७ वर्षं धरतात, जुन्या घराला हिशेबाने उरलेली १९ मिळाली. त्यामुळे तिकडचा कर शून्य. भारतात घसारा नाही, स्थानिक कर वजा करून सरसकट ३० टक्के वजावट, म्हणून इथे कर लागतोच. तिकडे काही भरलंच नाही, तर इथे वळतं काय करून घेणार? परदेशी मालमत्तेचा तक्ता विवरणपत्रात न चुकता भरा, तो आर्थिक वर्षाप्रमाणे नाही, कॅलेंडर वर्षाप्रमाणे असतो. मी सीएला हे दोनदा सांगितलं.

भाडेकरूबद्दल. १५ महिन्यांत एकदाही भाडं थकलं नाही. तिकडच्या साध्या करारात सबळ कारण असल्याशिवाय त्याला जा म्हणता येत नाही, आणि मला म्हणायचंही नाही. शेवटचं आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं मला ऑक्टोबरमध्ये कळलं. मित्राकडे निशी-कासाईला गेलो होतो, तेव्हा मात्सुदोला जाऊन आलो. इमारतीखाली उभा राहून तिसऱ्या मजल्यावरची आपली गॅलरी मोजून काढली. एक निळा टॉवेल वाळत होता. वर जायचा मला अधिकार नाही, घर त्याचं आहे. स्टेशनजवळच्या दलालाच्या काचेवर याच इमारतीतली रिकामी खोली लावलेली होती, भाडं ४२ हजार. माझा भाडेकरू २०११ चं भाडं देतोय, त्याने कधी घासाघीस केली नाही इतकंच. कायद्याने तो भाडं कमी करून मागू शकतो. सोडून गेला तर खोली नीट करणं, दलालाचे पैसे, काही महिने रिकामी, आणि मग ४२ हजार. मी साडेआठ टक्के समजून जे घेतलं ते त्या माणसाचं गप्प बसणं होतं.

घ्यावं का? सहा टक्क्यांच्या मुदत ठेवीशी तुलना करणार असाल तर नको. येनमध्ये थोडी रक्कम असावी, भाषा येते, दोन वर्षांनी एकदा तिकडे जाणं होतं, असं असेल तर बघा. पण इमारतीच्या निधीचं पान आधी, भाड्याचा आकडा नंतर, आणि त्याच इमारतीतल्या रिकाम्या खोलीचं भाडं विचारल्याशिवाय सही नको.

भाडेकरूचा करार यंदा मार्चमध्ये नवा व्हायचा आहे. कंपनीने त्याला पत्र पाठवलंय. उत्तर अजून आलेलं नाही.