विमा लोकपाल, पुणे : दावा फेटाळला गेला असेल तर जरूर जा

मी दातांची डॉक्टर. साताऱ्यात माझा स्वतःचा दवाखाना होता. मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारामुळे उजव्या हाताच्या बोटांची जाणीव गेली. एअरोटर, म्हणजे दात कोरायचं यंत्र, किती दाबला जातोय हेच बोटांना कळेना, तेव्हा पेशंटच्या तोंडात हात घालणं मी थांबवलं आणि दवाखाना बंद केला. गंभीर आजारांची पॉलिसी होती, तिचे हप्ते वेळच्या वेळी भरलेले होते. तरी विमा कंपनीने दावा फेटाळला. पत्रात कारण दिलं होतं : रुग्ण स्वतः चालू-फिरू शकते.

खरं तर या आजाराची व्याख्या विमा नियामकानेच सगळ्या कंपन्यांना ठरवून दिली आहे. एमआरआय वगैरे तपासण्यांतून निदान पक्कं झालेलं हवं, आणि हालचालीतला किंवा संवेदनेतला दोष सलग सहा महिने तरी टिकलेला हवा. चालता न येण्याची अट त्यात कुठेच नाही. माझे पाय धड आहेत, पण माझा व्यवसाय बोटांवर चालत होता.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावीच लागते. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एक वर्षाच्या आत. फी नाही. वकील चालत नाही, आपली बाजू आपणच मांडायची. मला हे फार आवडलं, कारण वकिलाला देण्याइतके पैसे त्या काळात हातात नव्हते. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर आहे, पण अर्ज ऑनलाइन करता येतो आणि माझी सुनावणी व्हिडिओवरच झाली. थकवा हे या आजाराचं मोठं दुखणं आहे. साताऱ्याहून पुण्याचा प्रवास वाचला याचं मोल आमच्यासारख्यांनाच कळेल.

सुनावणीत मला बोलू दिलं, मध्ये तोडलं नाही. निकाल माझ्या बाजूने लागला आणि पूर्ण रक्कम मिळाली. असा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तीस दिवसांत पाळावा लागतो. आपल्याला तो पटला नाही, तर ग्राहक आयोगाची वाट मोकळी राहते. मात्र आधीच ग्राहक आयोगात गेला असाल तर त्याच तक्रारीसाठी इथे येता येत नाही. भरपाईची मर्यादा ५० लाख रुपये आहे.

दाव्याचा सगळा भार कागदांवर असतो. माझ्या न्यूरॉलॉजिस्टने, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरने, प्रत्येक भेटीत तारीख घालून लिहून ठेवलं होतं : उजव्या हाताची संवेदना कमी, बारीक काम जमत नाही. पहिली नोंद आणि शेवटची नोंद यांत सहा महिन्यांहून जास्त अंतर होतं. नुसतं 'एमएस, औषध चालू' एवढंच लिहिलेलं असतं, तर माझ्याकडे दाखवायला काय होतं? तेव्हा डॉक्टरांना आग्रहाने सांगा, की आजाराच्या नावाबरोबर काय करता येत नाही तेही केसपेपरवर लिहा. बरेच डॉक्टर आनंदाने लिहितात, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं इतकंच.

पॉलिसीबद्दलही थोडं. ही रक्कम एकदाच मिळते, पगारासारखी महिन्याला येत नाही. आणि अपंगत्वाचं संरक्षण म्हणून जे रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून घ्यायची जादा कलमं, विकले जातात, त्यांतले अनेक फक्त अपघातापुरते असतात. वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनाही अपघाताचीच. आजाराने हात गेला तर त्यातून एक रुपयाही येत नाही. ज्यांचं पोट हातांवर आहे, म्हणजे सर्जन, शिंपी, वादक, सोनार, त्यांनी सही करण्याआधी एजंटला थेट विचारावं, की आजारामुळे काम थांबलं तर ही पॉलिसी काय देते, आणि उत्तर लेखी घ्यावं.