हेंड्रिक्स की बी. बी. किंग?

गिटारवाल्यांत थोर कोण, हा वाद निघाला की जिमी हेंड्रिक्सचं नाव आधी येतं, आणि ते उगाच नाही. डावखुरा गडी, उजव्या हातानं वाजवायची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार उलटी धरायचा. अंगठ्यानं खर्जाची तार दाबून उरलेल्या बोटांनी सूर खेळवायचा. १९६९ साली वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवताना त्यानं गिटारमधून बॉम्ब पाडले!

ब्लूज गाणाऱ्या, वाजवणाऱ्या बी. बी. किंगकडे यातलं काही नाही. कॉर्डच्या, म्हणजे अनेक सूर एकदम वाजवण्याच्या भानगडीत तो फारसा पडत नसे; गातानाही गिटार गप्प. पण ओळ संपली की एकच सूर, आणि तो डाव्या हाताच्या थरथरीनं असा हलवायचा की दुसरा हवासाच वाटू नये.

करामतीत हेंड्रिक्स पुढे, मान्य. तरी माझं मत किंगला.