दिवेआगरच्या बुकिंगमध्ये 15,000 गेले, कृपया वाचा

26 जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आला होता, म्हणून पुण्याहून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर असं ठरवलं. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. हरिहरेश्वर सासरचं कुलदैवत, गुडघ्यांमुळे त्यांचं चार वर्षं जाणं झालं नव्हतं, त्यामुळे खरं तर ही ट्रिप त्यांच्यासाठीच होती.

राहायला दिवेआगरला सुपारीच्या वाडीतलं एक घरगुती ठिकाण बघितलं. मॅपवर फोटो छान, रिव्ह्यू छान, खाली नंबर होता त्यावर फोन केला. समोरचा माणूस एकदम नम्र, दोन खोल्या दोन रात्री 9,000 म्हणाला, सकाळी नाश्ता फ्री, उकडीचे मोदक आधी सांगावे लागतील म्हणाला. मोदकांचं ऐकून मला वाटलं माणूस तिथलाच आहे. बोलत मात्र अर्धं हिंदी होता, पण आता मॅनेजर बाहेरचे असतात म्हणून मी लक्ष दिलं नाही.

3,000 अ‍ॅडव्हान्स पाठवले. पैसे पाठवताना स्क्रीनवर वेगळंच नाव आलं, त्या घराच्या नावाशी काही संबंध नाही, विचारलं तर म्हणे आमच्या अकाउंटंटचं खातं आहे. मग अर्ध्या तासाने फोन, मॅडम लाँग वीकेंड आहे, सिस्टीममध्ये पूर्ण 9,000 एकदम आले तरच पावती निघते, तुमचे आधीचे 3,000 लगेच परत करतो. मी ऑफिसमध्ये होते, मीटिंग चालू होती, पाठवून दिले. लगेच लेटरहेडवर पावती आली, आमची नावं, तारखा सगळं बरोबर. आणि मग 3,000 परत द्यायला म्हणून त्याने क्यूआर पाठवला, हा स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील. मी टाकला आणि अजून 3,000 गेले. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याच खात्यातून जाणार, हे मला माहीत होतं हो, पण घाईत सुचलंच नाही. त्याला फोन केला तर म्हणाला चुकून झालं, आलात की 6,000 रोख देतो. पावती हातात होती म्हणून मी विश्वास ठेवला, आणि ही सगळ्यात मोठी चूक, कारण हा बुधवार होता आणि तेव्हाच तक्रार केली असती तर कदाचित पैसे अडवता आले असते.

शनिवारी पहाटे निघालो. ताम्हिणीत रेंज नसतेच, त्यामुळे त्याचा फोन लागत नाही तेव्हा आपलीच रेंज गेली असं वाटलं. माणगावलाही लागला नाही, म्हसळ्यालाही नाही. दिवेआगरला पोचलो तर गेटवरच्या पाटीवर वेगळाच नंबर. मालक काका बाहेर आले, पावती बघितली आणि डोक्याला हात लावला. ही आमची पावतीच नाही म्हणाले, या महिन्यात अशा आलेल्या तुम्ही चौथ्या. मॅपवरचा त्यांचा नंबर कोणीतरी बदलतं, ते दुरुस्त करून घेतात, काही दिवसांनी परत बदललेला असतो. त्यांचीही बदनामी होतेच आहे ना. निसर्ग वादळात वाडी आडवी झाली होती त्यांची, त्यातून आत्ता कुठे सावरतायत.

त्यांच्या सगळ्या खोल्या भरलेल्या. सासूबाईंना ओटीवर बसवून काकूंनी चहा दिला आणि काका तासभर गावात फोन करत होते, शेवटी एका ओळखीच्यांकडे माडीवरची एक खोली मिळाली, पाच जण गाद्या टाकून झोपलो. सासूबाई तो जिना कशा चढल्या ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

तिथूनच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला. ते प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर विचारतात, 12 आकडी असतो, अ‍ॅपच्या हिस्ट्रीत सापडतो, तो काढून तयार ठेवा. मग सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर स्क्रीनशॉट टाकले, परत आल्यावर बँकेत लेखी दिलं. अजून एक रुपया परत आलेला नाही.

रविवारी सुवर्णगणेशाला जाऊन आरावी-शेखाडीच्या किनाऱ्याच्या रस्त्याने हरिहरेश्वरला गेलो. काळभैरव, मग हरिहरेश्वर, दर्शन नीट झालं. ओहोटी होती म्हणून प्रदक्षिणाही झाली, पण ती समुद्राकडच्या खडकांवरून असते, त्यामुळे मी आणि मुलंच गेलो.

आता बुकिंग करताना मी व्हिडिओ कॉल करून गेट दाखवा म्हणते आणि त्या गावातल्या दुसऱ्या कुणाकडून तरी नंबर पडताळून घेते. त्या माणसाला मी तेव्हा हे म्हटलं असतं तर तिथेच कळलं असतं.

परवा मैत्रिणीच्या फोनवरून तोच नंबर लावला. लागला. तोच आवाज, तसाच नम्र, या वेळी गुहागरच्या एका घराचं नाव सांगून विचारत होता, किती जण आहात मॅडम, मोदक सांगून ठेवू का?