अम्माचं सूप, लूसीचा पट्टा

भाची अमेरिकेहून यायला निघाली तेव्हा “मावशी, काय आणू?” असं तिनं विचारलं आणि मी ‘आय लव्ह लूसी’ या अमेरिकेतल्या जुन्या विनोदी टीव्ही मालिकेचे डीव्हीडी संच सांगितले. पहिला सीझन ३५ भागांचा, दुसरा ३१ भागांचा. माझी शाळा सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला आहे. स्नेहसंमेलनातलं मुलींचं विनोदी नाटुकलं दरवर्षी मी बसवते आणि दरवर्षी एकाच जागी अडते: मुली संवादांनी हसवतात, पण हातापायांनी हसवायची वेळ आली की लाजतात. मालिकेत लूसी झालेली ल्युसिल बॉल ही नटी त्यातच पहिल्या नंबरची, असं वाचलं होतं. मोबाइलवर तुकडे बघून भागत नव्हतं. आता सगळे ६६ भाग बघून झालेत, काही तर तीन-तीनदा.

आधी अडचण सांगते, म्हणजे कुणाचे पैसे वाया जाणार नाहीत. डीव्हीडी जगातल्या ज्या विभागासाठी (रीजन) काढलेली असते तिथल्याच प्लेअरवर चालते; या डिस्क अमेरिकेच्या रीजन १ च्या आहेत आणि आपल्याकडचे प्लेअर रीजन ५ चे. पहिल्या संध्याकाळी सगळे सरसावून बसलो आणि पडद्यावर नुसती सूचना आली. शेवटी कन्ना चौकाजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडून सगळे रीजन चालवणारा जुना प्लेअर १,६०० रुपयांना घेतला. त्यानंतर एकही डिस्क अडखळली नाही. हिंदी-मराठी आवाज नाही, हेही लक्षात घ्या.

चित्र मात्र इतकं स्वच्छ आहे की ते सत्तर वर्षांपूर्वीचं वाटतच नाही. त्याला कारण आहे. १९५१ मध्ये अमेरिकेतले बरेच कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट दाखवले जायचे, आणि लांबच्या शहरांना टीव्हीच्या पडद्यावरून उतरवलेली पुसट फिल्म मिळायची. लूसी आणि तिचा नवरा डेसी अर्नाझ यांना हॉलिवूडमधलं घर सोडायचं नव्हतं. त्यांनी ३५ मिलिमीटरच्या सिनेमाच्या फिल्मवर, तीन कॅमेरे एकदम लावून, समोर सुमारे ३०० प्रेक्षक बसवून चित्रीकरण करायचं ठरवलं. खर्च वाढला, म्हणून दोघांनी आपला पगार कमी करून घेतला आणि बदल्यात त्या फिल्मची मालकी मागून घेतली. तेव्हा पुन्हा पुन्हा दाखवण्याचं मोल फारसं कुणाला कळलेलं नव्हतं. डिस्कवर ऐकू येतं ते हसू त्या समोरच्या माणसांचं आहे. नीट कान दिला तर एखादी बाई इतरांच्या आधीच हसायला लागलेली कळते.

दिवाळीच्या सुट्टीत प्लेअर पिशवीत घालून कुंभारीला नेला. तिथं गोदूताई परुळेकर वसाहतीत अम्मा माझ्या भावाकडे राहते. अम्मानं चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली तेंदूची पानं, दिवसाला हजार विड्या. सकाळी कारखान्यात नेऊन दिल्या की चेकर त्यातली छाट काढायचा, म्हणजे नापास विड्या बाजूला टाकायचा, आणि तेवढी मजुरी जायची. अम्माला इंग्रजीचं अक्षर येत नाही. शेजारच्या दोघी अक्का पण येऊन बसल्या, त्याही विडीवाल्याच.

मी दुसऱ्या सीझनचा पहिलाच भाग लावला, १५ सप्टेंबर १९५२ ला दाखवलेला. नवरे आणि बायका कामांची अदलाबदल करतात. नवऱ्यांनी घर बघायचं, बायकांनी कमवून आणायचं. घरी भात उतू जाऊन पातेल्याबाहेर पसरतोय, आणि इकडे लूसी नि तिची शेजारीण एथेल, म्हणजे व्हिव्हियन व्हॅन्स, चॉकलेटच्या कारखान्यात लागल्यात.

लूसीला आधी चॉकलेट बुडवायच्या टेबलाशी बसवतात. बाजूला एक पोक्त बाई मान वर न करता काम करतेय. गोळा उचलायचा, पातळ चॉकलेटमध्ये फिरवायचा, बोटानं वर वळसा द्यायचा, खाली ठेवायचा. लूसी तिच्याकडे चोरून बघत तसंच करायला जाते आणि चॉकलेट सगळीकडे फासते. आम्ही लूसीकडे बघत होतो. अम्मा बघत होती त्या दुसरीकडे. म्हणाली, “ही खरी कामाची बाई हाय बघ. नाटकातली न्हवं.”

मी घरी येऊन शोधलं. त्या बाईचं नाव अमांडा मिलिगन. ती नटी नव्हतीच. चॉकलेट बुडवायचंच काम करणारी कामगार होती, या प्रसंगासाठी मुद्दाम आणलेली. अम्मानं ते दोन मिनिटांत ओळखलं होतं.

मग तो पट्टा. दोघींनी समोरून सरकत येणारं एकेक चॉकलेट कागदात गुंडाळायचं. देखरेखीची बाई दरडावते: एक जरी उघडं पुढं गेलं तर दोघींना घरी पाठवीन. आधी जमतं. मग पट्टा वेग धरतो. दोघी चॉकलेटं तोंडात कोंबतात, टोपीत घालतात, ब्लाउजमध्ये टाकतात. अम्मा पुढं सरकून बसली. “पट्टा कसा पळवलाल्यात बघ!” ती बाई परत येते, पट्टा साफ बघून खूश होते, आणि वेग आणखी वाढवायला सांगते. इथं तिघीही एकदम हसल्या. एका अक्काच्या डोळ्यांतून पाणी आलं. अम्मा हसू आवरून म्हणाली, “काम पुरवलं की वाढवत्यात. तिथं बी तसंच.” मी तोवर एकाही वाक्याचा अर्थ सांगितला नव्हता.

या हसण्यामागे किती मेहनत आहे हे सावकाश बघितलं की कळतं. लूसीच्या डोळ्यांत आधी ‘जमतंय’ येतं, मग ‘सुटलं’ येतं, आणि हात त्यानंतर चुकतो. घसरण्यात एक क्रम आहे. लेखकांच्या चमूत मॅडलिन प्यू नावाची बाई होती. तिनं लिहिलेली उठाठेव बाईच्या अंगाला झेपते का, हे ती आधी स्वतः करून बघायची. आमच्या मुलींना मी हा पट्टा चार वेळा दाखवला, आवाज बंद करून. यंदाच्या नाटुकल्यात शेंगापोळी लाटणाऱ्या दोन मुली आहेत आणि लाजणं बरंच कमी झालंय.

ल्युसिल बॉलला हे यश फार उशिरा मिळालं. जन्म ६ ऑगस्ट १९११ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउनचा. वडील टेलिफोनच्या तारांचं काम करायचे. ती तीन वर्षांची असताना ते विषमज्वरानं गेले. नाट्यशाळेत गेली तर तिथं घरी सांगून पाठवलं की हिच्यात काही नाही. मग मॉडेलिंग, १९३३ पासून सिनेमात छोटी कामं, वर्षानुवर्षं दुय्यम चित्रपट. टीव्हीवर ‘आय लव्ह लूसी’ सुरू झाली, १५ ऑक्टोबर १९५१ ला, तेव्हा तिनं चाळिशी गाठली होती. त्यातही क्यूबाचा डेसी मालिकेत तिचा नवरा म्हणून प्रेक्षकांना पटणार नाही, असं वाहिनीवाल्यांचं म्हणणं. दोघांनी गावोगावी रंगमंचावर एकत्र प्रयोग करून ते खोटं ठरवलं.

अम्माला सगळ्यात जास्त आवडली ती आजोबांची गोष्ट. लूसीचे आजोबा कामगारांच्या बाजूचे, पक्के समाजवादी. त्यांचं मन राखायला तिनं १९३६ मध्ये मतदार म्हणून कम्युनिस्ट पक्षाकडे नाव नोंदवलं. १९५३ मध्ये, मालिका शिखरावर असताना, ते उकरून काढलं आणि कम्युनिस्टांचा माग काढणाऱ्या चौकशी समितीपुढे तिला जबाब द्यावा लागला. प्रेक्षक तिच्यामागे उभे राहिले आणि मालिका चालू राहिली. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात लाल बावटा आणि कामगारांचे पुढारी आडम मास्तर हे घरचेच विषय. अम्मा एवढंच म्हणाली, “आजोबाला न्हाई म्हणता येतंय का?” मालिकेची प्रायोजक सिगारेट कंपनी होती हे सांगितलं तेव्हा म्हणाली, “मग तिचं बी घर तंबाखूवरच की.”

दुसऱ्या सीझनमध्ये लूसीचं बाळंतपण आहे. ती खरोखरच गरोदर होती आणि ते लपवायच्या ऐवजी त्यांनी कथेतच घेतलं. ‘गरोदर’ हा शब्द उच्चारायला मात्र परवानगी नव्हती. १९ जानेवारी १९५३ ला बाळाच्या जन्माचा भाग दाखवला, सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो पाहिला, आणि त्याच दिवशी तिला सिझेरियननं मुलगा झाला. नवऱ्याला बातमी सांगायचा भाग मी एकटीनं बघितला. क्लबमध्ये गाता गाता त्याला कळतं आणि दोघांच्या डोळ्यांत येतं ते पाणी अभिनयाचं वाटत नाही.

सगळंच आवडलं असं नाही. काही भागांत नवरा लूसीला लहान पोरीसारखं मांडीवर पालथं घालून मारतो आणि प्रेक्षक हसतात. आमच्या घरात तिथं कुणी हसलं नाही. अम्मानं तोंड फिरवलं. घरखर्चाच्या पैशांसाठी नवऱ्याची मनधरणी करणंही सारखं येतं, आणि सलग चार भाग बघितले तर ते जाचतं. रोज एकच बघावा. पडद्यावर हात पसरणारी ही बाई त्याच वेळी त्यांच्या ‘देसीलू’ कंपनीची उपाध्यक्ष होती. १९६० मध्ये घटस्फोट झाला, १९६२ मध्ये तिनं डेसीचा हिस्सा विकत घेतला आणि अमेरिकेतला मोठा स्टुडिओ एकटीनं चालवणारी ती पहिली बाई ठरली. ‘स्टार ट्रेक’ आणि ‘मिशन इम्पॉसिबल’ तिच्याच स्टुडिओतून निघाल्या. १९६७ मध्ये १ कोटी ७० लाख डॉलरला तिनं तो विकला. २६ एप्रिल १९८९ ला ती गेली.

घेणार असाल तर दुसऱ्या सीझनपासून सुरुवात करा. पहिल्यात मला आवडला तो औषधाच्या जाहिरातीचा भाग: ते औषध दारूचंच असतं, तालमीत चमचा-चमचा घेत लूसीची जीभ जड होत जाते आणि औषधाचं लांबलचक नाव वेगवेगळ्या तऱ्हेनं मोडत जातं. तो मात्र इंग्रजी कळणाऱ्यांसाठीच. अम्माच्या घरी तो चालला नाही, मध्येच बंद करून तिनं पट्ट्याचाच भाग पुन्हा लावायला सांगितला. आता प्लेअर कुंभारीलाच ठेवलाय. रविवारी दुपारी गल्लीतल्या सात-आठ जणी येतात. परवा भावाचा फोन आला होता, तिसरा सीझन कधी आणतेस म्हणून विचारतायत.