लेझर कणमापक: आकडा स्थिर, पण खरा किती?

आमच्या प्रयोगशाळेत वर्षभर वापरलेल्या लेझर विवर्तन यंत्राचा, म्हणजे कणांवर पडून विखुरलेल्या लेझर प्रकाशावरून त्यांचा आकार काढणाऱ्या कणमापकाचा, हा अनुभव आहे. प्रमाणित काचमण्यांवर मध्यक व्यास (निम्मे कण ज्याहून लहान आणि निम्मे मोठे, तो व्यास) दर वेळी प्रमाणपत्रातील मर्यादेत आला आणि लागोपाठच्या मोजण्यांतील फरक आयएसओ १३३२० या लेझर विवर्तनाच्या आंतरराष्ट्रीय मानकात सुचवलेल्या मर्यादेच्या बराच आत राहिला. मात्र यंत्रामागचे गणित प्रत्येक कण गोलच धरते; त्यामुळे सुईसारख्या स्फटिकांचा आकडा कितीही स्थिर आला तरी तो चाळणीने मोजलेल्या आकाराशी जुळत नाही, आणि त्याचा दोष यंत्राला देणे योग्य नाही. खरी तक्रार सॉफ्टवेअरची आहे. कणाच्या पदार्थाचा अपवर्तनांक (त्यात प्रकाश किती वळतो हे सांगणारा आकडा) भरला नाही, तर ते परस्पर एक मूल्य गृहीत धरते, जे १ मायक्रॉनखालच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान) कणांसाठी घातक आहे. पाण्यातले बुडबुडेही कण म्हणून मोजले जातात, म्हणून आम्ही पाण्यात विरघळलेली हवा आधी काढून घेतो.